एकदाच वापरायचं पिंप

अमेरिकेत बर्बन व्हिस्की करायची तर ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. तसा कायदाच आहे. धान्यात किमान ५१ टक्के मका पाहिजे, पिंपात भरताना अल्कोहोल साडेबासष्ट टक्क्यांच्या वर नको, अशी बाकीची कलमंही आहेत. पण मला कौतुक वाटतं ते या कोऱ्या पिंपाचं. दोनशे लिटरचं ते धूड. खिळा नाही, डिंक नाही. वाकवलेल्या फळ्या नुसत्या लोखंडी कड्यांनी आवळलेल्या. मिनिटभर आतून आग लावतात, कोळसा तडकतो आणि त्या तडकलेल्या कोळशाला कारागीर मगरीच्या कातड्याचं नाव देतात. एवढं सगळं करून चार-सहा वर्षांनी व्हिस्की काढून घेतली, की बर्बनवाल्यांच्या लेखी ते पिंप बाद.

आमच्या महाराष्ट्रात दारू प्यायला सरकारी परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन, हे ऐकून माझे इथले अमेरिकन सहकारी डोळे विस्फारतात. मग मी त्यांना त्यांचंच हे पिंपाचं कलम ऐकवतो. फिट्टंफाट.

बाद झालेली ही पिंपं मात्र पुष्कळ जग बघतात. पुष्कळशी स्कॉटलंडला जातात, कारण तिथल्या व्हिस्कीला वापरलेलं पिंपच जास्त मानवतं. लुइझियानातल्या एव्हरी आयलंडवर टबॅस्को सॉसवाले त्यांत वाटलेली मिरची मीठ घालून तीन-तीन वर्षं ठेवतात. काही थेट आपल्या गोव्यात, कुंकळ्ळीला, पॉल जॉन व्हिस्कीच्या गोदामात येतात. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली वर्षाला दोनेक टक्के दारू हवेत उडून जाते. गोव्याच्या उकाड्यात आठ टक्क्यांपर्यंत जाते, असं ते लोक सांगतात. आणि काही पिंपं फार लांब न जाता बर्बनच्या मुलखातून, केंटकीहून, ट्रकमध्ये चढतात, पाच-सहा तासांत शिकागोला उतरतात आणि त्यांच्यात बिअर भरली जाते.

मी शिकागोजवळ नेपरविलला राहतो, त्यामुळे या बिअरच्या भानगडीतून सुटका नाही. गूज आयलंड ही इथली घरोघरी ठाऊक असलेली बिअर कंपनी. जॉन हॉल यांनी १९८८ साली क्लायबॉर्न अॅव्हेन्यूवर जागच्या जागी बिअर करणारा पब काढला. त्यांचा मुलगा ग्रेग पुढे तिथला मुख्य ब्रुअर, म्हणजे बिअर करणारा, झाला. एका जेवणाच्या कार्यक्रमात त्याची गाठ बुकर नो यांच्याशी पडली. बुकर नो म्हणजे ज्यांच्या नावाची बर्बन आहे त्या जिम बीमचे नातू, आणि स्वतःही व्हिस्कीतले मुरलेले गृहस्थ. त्या ओळखीतून सहा रिकामी पिंपं पबमध्ये आली. ग्रेगनं त्यांत जहाल स्टाउट, म्हणजे काळी, दाट बिअर भरली, आणि बर्बन काउंटी स्टाउट जन्माला आली. हे कधी घडलं यावरून वाद आहे. कंपनी १९९२ म्हणते, कागदपत्रं चाळणारे १९९५ म्हणतात. बिअरचा शोध लावणाऱ्यांना सकाळी तारीख आठवत नाही, हे मी तरी समजू शकतो. त्या काळात बिअरच्या मोठ्या स्पर्धेत असल्या प्रकाराला बसवायला गटच नव्हता. आज अमेरिकेत क्वचितच एखादी छोटी ब्रुअरी असेल, जिच्या मागच्या खोलीत दोन-चार जुनी पिंपं नसतील.

ही पिंपं नेमकं काय करतात, ते मला केंटकीत एका डिस्टिलरीच्या अंगणात कळलं. तिथल्या गाइडनं पिंपाची एक फळी आडवी कापून दाखवायला ठेवली होती. आतल्या बाजूला काळा कोळसा, मग पिवळट लाकूड, आणि त्या लाकडात कोळशापासून थोड्या अंतरावर एक तांबूस रेघ. उन्हाळ्यात गोदाम तापलं की व्हिस्की फुगून लाकडात शिरते, थंडीत मागे सरते. वर्षानुवर्षं ही ये-जा चालते आणि ती जिथवर पोचली तिथे ही रेघ उमटते. मी त्या रेघेवरून बोट फिरवलं. हाताला काही लागलं नाही, पण वास बोटाला जेवणापर्यंत राहिला. पिंप रिकामं केलं तरी रेघेच्या अलीकडच्या लाकडात काही लिटर व्हिस्की शोषलेली असतेच. बिअरवाल्यांना हवी असते ती हीच. शिवाय जळलेल्या ओकमधून व्हॅनिला उतरतो, खोबऱ्याचा वास उतरतो, जळक्या साखरेची चव उतरते. शिकागोचं हवामान याला फार अनुकूल. जुलैत पस्तीस अंश, जानेवारीत उणे वीस. ज्या हवेला आम्ही वर्षभर शिव्या घालतो, ती गोदामात पगार न घेता राबत असते.

पण पहिल्याच बिअरला पिंप जे द्यायचं ते देऊन बसतं. दुसऱ्यांदा भरलं तर निम्मंही उतरत नाही. म्हणजे बर्बनवाल्यांना एकदा, बिअरवाल्यांना एकदा.

बर्बन काउंटी स्टाउटची नवी बाटली दर वर्षी थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी, ब्लॅक फ्रायडेला दुकानात येते. बाकीचा देश टीव्हीच्या सेलसाठी पहाटे उठतो, तेव्हा काही लोक बिअरसाठी उठतात. एका वर्षी माझे सासरे, अण्णा, नेमके तेव्हा आमच्याकडे होते. अण्णांची सगळी नोकरी सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, केमिस्ट म्हणून. मळीपासून स्पिरिट काढण्यात हयात गेली. स्वतः मात्र घेत नाहीत. आदल्या रात्री मी चोरासारखा गजर लावत होतो, तर म्हणाले, "जावईबापू, मीही येतो की. झोप कुठं लागतीय मला इथं."

त्यामुळे माकडटोपी, मफलर आणि माझं जुनं जाड जॅकेट अशा अवतारात अण्णा अंधारात दारूच्या दुकानासमोर रांगेत उभे होते. ही गोष्ट सांगलीत कुणाला सांगायची नाही असं आमचं ठरलं होतं. (ती त्यांनीच पहिल्यांदा सांगितली.) रांग लांब होती, पण ढकलाढकली शून्य. लोकांनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या. काहीजण जुन्या वर्षांच्या बाटल्या घेऊन आले होते आणि चमच्याएवढ्या प्लॅस्टिकच्या पेल्यांतून ओळखीपाळखी नसलेल्यांना वाटत होते. एका दाढीवाल्या तरुणानं अण्णांपुढेही पेला धरला. अण्णांनी 'नो थँक्यू' म्हटलं, पण पेला परत दिला नाही. नाकाशी नेला, डोळे मिटले, लांब केला, पुन्हा नेला.

"ॲसिड नाही," ते म्हणाले. "एस्टर भरपूर. फर्मेंटेशन स्वच्छ झालंय." मग पेला माझ्याकडे देत, "किती दिवस ठेवतात म्हणालात?"

"वर्षभर."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. "आमचा वॉश, म्हणजे आंबवलेली मळी, तीस-छत्तीस तासांत तयार व्हायचा. चाळीस तास झाले की जनरल मॅनेजरचा फोन."

रांगेत वेळ काढायचा म्हणून मी त्यांना २०१५ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षीच्या काही बाटल्या घरी गेल्यावर आंबट निघाल्या. तपासात लॅक्टोबॅसिलसच्या जातीचा, म्हणजे आपल्या दह्याच्याच कुळातला एक जीवाणू सापडला. इतक्या अल्कोहोलमध्ये असलं काही जगणार नाही असा सगळ्यांचा समज होता, तो जगला. कंपनीनं लोकांना पैसे परत दिले आणि पुढच्या वर्षापासून बिअर पाश्चराइज करायला सुरुवात केली. त्यावर 'आता तिच्यात जीव राहिला नाही' म्हणून कट्टर मंडळींनी बराच गळा काढला.

ही गोष्ट ऐकताना अण्णांची कळी खुलली. एवढ्या थंडीत मी त्यांना इतकं खुश बघितलं नव्हतं. "अहो, टाकीत हा प्राणी शिरला की आमची झोप उडायची. यीस्टच्या तोंडची साखर खातोय आणि वर आंबट करून ठेवतोय. लाकूड तर त्याला माहेर. फटीफटीत बसणार, धुऊन निघतोय होय?" आणि मग ठाम निकाल: "पाश्चराइज केलं ते शंभर टक्के बरोबर केलं." पुढे उभ्या असलेल्या दोघांना हे भाषांतर करून सांगितलं, तर त्यातल्या एकाला ते अजिबात पटलं नाही. अण्णांनी त्याला हातवारे करून पुन्हा समजावलं.

दुकान उघडल्यावर दहा-पंधरा मिनिटांत काम झालं. माणशी ठरावीक बाटल्या. खरं तर ही बिअर 'मर्यादित' म्हणावी का, हा प्रश्न मला दर वर्षी पडतो. गूज आयलंड २०११ मध्येच जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीनं, एबी इनबेव्हनं, ३ कोटी ८८ लाख डॉलरला विकत घेतली. तेव्हा कितीतरी निष्ठावंतांनी हिला रामराम ठोकला. आता पिंपं सहा नाहीत, गोदामच्या गोदाम आहे. साध्या स्टाउटबरोबर दर वर्षी चार-पाच भावंडं निघतात: कुणात कॉफी, कुणात फळं, कुणात आणखी काय काय. मला ते सगळं दिवाळी अंकाच्या जाहिरातींच्या पानांइतकंच प्रिय आहे. माणशी ठरावीक बाटल्या, पहाटेची रांग, लेबलवर वर्षाचा ठळक आकडा, हा भाग दुकानदारीचा आणि तो दुकानदारीचाच म्हणून बघावा. पण पिंप एकदाच देतं, आणि वर्ष हे वर्षभराचंच असतं, त्याला पैसेवालाही काही करू शकत नाही. जवळजवळ एकोणचाळीस दशलक्ष डॉलर मोजूनही जुलै मार्चमध्ये आणता येत नाही. मी रांगेत उभा राहतो तो एवढ्यासाठी, असं मी बायकोला सांगतो. ती ऐकून घेते.

घरी येऊन मी बाटल्या तळघरातल्या कपाटात ठेवायला निघालो. तिथे आधीच्या वर्षांच्या काही होत्याच. या बाटलीवर पूर्वी छापलेलं असायचं की ती पाच वर्षांपर्यंत बाटलीत आणखी मुरत जाते. तेवढ्या एका वाक्यानं शिकागोतल्या तळघरांची काय वाट लावली आहे! साधी बिअर ताजी प्यायची असते. उजेड लागला, दिवस गेले की तिच्यातल्या हॉप्सच्या फुलांचा वास मरतो. ही एक ठेवता येते म्हटल्यावर लोक ती ठेवतच सुटले. आमच्या मंडळातल्या एका मित्राकडे मुलाच्या जन्मवर्षाची बाटली आहे. मुलगा आता गाडी चालवतो. प्रत्येक वाढदिवसाला ती बाहेर निघते, सगळे तिच्याकडे बघतात आणि ती परत आत जाते.

अण्णा माझ्या मागून जिना उतरून आले. कपाटासमोर उभे राहून लेबलं वाचली.

"आम्ही लॅबमध्ये अशीच सँपलं ठेवायचो," ते म्हणाले. "प्रत्येक बॅचचं एक, सील करून, तारीख घालून. पुढे कुणाची तक्रार आली तर तपासायला पाहिजे म्हणून."

"बरोबर आहे."

"तुमच्याकडे कुणाची तक्रार आलीय?"

यावर काय बोलणार? त्या संध्याकाळी मी सगळ्यात जुनी बाटली वर आणली. अर्ध्या लिटरची बाटली, चौदा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या स्ट्राँगच्या बाटलीपेक्षा ऐवज जास्तच. एकट्यानं संपवायचं काम नाही. फ्रीजमधून काढून लगेच प्यायचीही नाही, गार असली की मुकी राहते. तासभर ओट्यावर ठेवली, मग तीन लहान पेल्यांत ओतली. फेस नावापुरता; तपकिरी, आला तसा बसला. पेला फिरवला की काचेवर जाडसर लेप चढायचा आणि सावकाश खाली यायचा. रंग इतका काळा की दिव्यासमोर धरला तरी कडेला फक्त एक तांबडी धार. अण्णांना वाटलं मळीच घातली असणार. मी सांगितलं, भाजलेल्या जवाचा रंग आहे. त्यांचा विश्वास बसला नाही.

आयुष्यात पहिल्यांदा, निव्वळ व्यावसायिक कुतूहलापोटी, असं दोनदा बजावून अण्णांनी चहाच्या चमच्यानं एक चमचा घेतला. जिभेवर घोळवला. गिळायचा की नाही याचा क्षणभर विचार झाला, मग गिळला.

"ही बिअर?" ते म्हणाले. "अहो, काकवी आहे ही. गुऱ्हाळावरची, शेवटच्या कढईची. जरा करपलेली."

मला आधी व्हिस्की लागली, मग चॉकलेट, मग ते ओलं लाकूड. पण अण्णांनी काकवी म्हटल्यावर पुढच्या प्रत्येक घोटाला काकवीच लागत राहिली, आणि वाईट लागली असं मुळीच म्हणणार नाही. दुसरा चमचा अण्णांनी न विचारता घेतला. त्यावर काही बोलले नाहीत.

बायकोनं मात्र एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. फ्रीझर उघडला, वाटीत व्हॅनिला आइस्क्रीमचे दोन गोळे काढले आणि माझ्या डोळ्यांदेखत आपला सगळा वाटा त्यावर ओतला. मी काहीतरी म्हणणार होतो. एवढ्यात अण्णांनी चमचा घेऊन आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.