नॅकच्या भेटीआधी विभागाचं संकेतस्थळ नव्याने करताना

नॅकची, म्हणजे विद्यापीठांचा आणि महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, समिती कधी येणार ते विद्यापीठाला कळलं आणि त्याच आठवड्यात आमच्या मराठी विभागाचं संकेतस्थळ नव्याने करायचं ठरलं. काम माझ्याकडे आलं. हाताशी महिनाही नव्हता आणि एम.ए.चे प्रवेश तोंडावर आले होते.

पहिल्या बैठकीत रंग आणि फोटो यांवर बरीच चर्चा झाली. मी विभागप्रमुख सरांना म्हटलं, आधी आहे त्या मजकुराची यादी करू या. एका तक्त्यात प्रत्येक पान, त्याचा पत्ता, ते ठेवायचं की काढायचं आणि त्यातली माहिती कोण तपासणार, एवढंच लिहिलं. हा तक्ता नसता तर काम वेळेत झालं नसतं, असं मला आजही वाटतं.

त्यातूनच सर्वांत नाजूक गोष्ट लक्षात आली. विद्यापीठाचा स्वयंमूल्यांकन अहवाल आधीच सादर झाला होता आणि पुरावा म्हणून त्यात आमच्या जुन्या पानांचे दुवे दिलेले होते. नव्या रचनेत ते पत्ते बदलणार होते. म्हणून प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पानाकडे ३०१ रिडायरेक्ट (जुना दुवा उघडला की आपोआप नवं पान दाखवणारी कायमची सोय) लावला आणि अहवालातला एकेक दुवा स्वतः उघडून पाहिला. काम कंटाळवाणं, पण ते दुसऱ्यावर सोपवावंसं वाटलं नाही.

खरा वेळ खाल्ला तो जुन्या मराठी मजकुराने. चर्चासत्रांचे गोषवारे आणि विभागाचा इतिहास हे सगळं युनिकोडपूर्व फाँटमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत रूढ होण्याआधीच्या फाँटमध्ये, टाइप केलेलं होतं. अशा फाइलमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. तो फाँट नसेल तर पडद्यावर काहीच अर्थ लागत नाही आणि शोध घेतला तर काही सापडत नाही. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आला, पण 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालं आणि काही जोडाक्षरं फुटली. 'ॲ'चाही घोळ होता. युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र स्थान २००८ साली मिळालं. त्याआधीच्या मजकुरात ते 'अ' आणि चंद्र जोडून लिहिलेलं असतं. दोन्ही दिसतात सारखीच, पण एक शोधलं तर दुसरं सापडतंच असं नाही. शेवटी एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी दोघादोघांच्या जोड्या केल्या. एकाने छापील प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने पडद्यावर पाहायचं. त्यांनी ज्या आस्थेने हे केलं, त्याचं मोल मी विसरणार नाही.

चाचणीची प्रत पाहताना सर म्हणाले, "मॅडम, हा ल आपला नाही." खरंच, ल आणि श हिंदी वळणाचे दिसत होते. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची रूपं राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही आहेत. आम्ही वापरलेल्या नोटो सॅन्स देवनागरी या फाँटमध्ये ती होतीच. फक्त पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलेलं नव्हतं. भाषेचा कोड 'एमआर' असा दिला आणि अक्षरं बदलली. मराठी विभागाच्या पानावर तरी हे नीट असायलाच हवं.

बाकी पानं भराभर झाली. पीएच.डी.ची यादी मात्र मी घाईत होऊ दिली नाही. नोंदणी झालेल्या संशोधकांची नावं, विषय, मार्गदर्शक आणि नोंदणीची तारीख वर्षवार संकेतस्थळावर ठेवावी, असं यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमावलीतच होतं. शिवाय मार्गदर्शक शोधणारा खेड्यातला मुलगा सगळ्यात आधी हेच पान उघडतो, तेही मोबाइलवर. म्हणून ही यादी आणि प्रवेशाचं वेळापत्रक स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये न ठेवता सरळ पानावर टाइप केलं.

समिती यायच्या आधी संकेतस्थळ सुरू झालं. अर्धवट पानं शोधात दिसू नयेत म्हणून चाचणीच्या काळात सर्च इंजिनांना घातलेली मनाई काढली का, हे त्या दिवशी दोघांनी वेगवेगळं तपासलं. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कार्यालयातले सहायक आणि मी तोच तक्ता घेऊन बसतो. पासवर्ड विभागाच्या ईमेलवर नोंदवलेले आहेत, कुणा एकाच्या नावावर नाहीत. जुन्या चर्चासत्रांचे काही गोषवारे अजून तपासायचे आहेत. ते काम नव्या तुकडीने हातात घेतलं आहे.