जास्वंदीवरचं पांढरं: गच्चीची नोंद, फेब्रुवारी ते पाडवा

मंडळी, गेल्या वर्षी याच दिवसांत जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण (पिठासारखा पांढरा, रस शोषणारा किडा) मी कापसाच्या बोळ्याने, स्पिरिट लावून, एकेक करून पुसून काढला होता. त्यात काही किडे इतरांपेक्षा बरेच मोठे होते, अंगाला मेणाच्या लांब झिरमिळ्या. हेच सगळ्यांचे मूळ असणार असं समजून मी ते आधी पुसले. ते पिठ्या ढेकूण खाणारे होते, हे मला यंदा कळलं. म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहिते आहे.

९ फेब्रुवारी. येऊरच्या डोंगराच्या बाजूने येणारा सकाळचा वारा अजून गार आहे, पण दुपारी गच्चीवर अनवाणी उभं राहवत नाही. चवळीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारे चिमुकले किडे. जानेवारीभर शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी दर आठवड्याला घातलं, त्याचं हे फळ. नत्र जास्त झालं की पालवी लुसलुशीत येते आणि मावा तीच शोधत असतो. आपल्या हवेत माव्याच्या माद्या नराशिवायच जिवंत पिल्लं घालतात आणि ती पिल्लं साधारण आठवड्याभरात स्वतः पिल्लं घालू लागतात. पेंड बंद केली. अगदी भरलेले दोन शेंडे खुडले, बाकी ठेवले. यंदा फवारा हाती घ्यायचा नाही, निदान दोन आठवडे तरी, असं ठरवलंय.

१८ फेब्रुवारी. मावा वाढला. खालची पानं चिकट्याने चकाकतायत आणि मुंग्यांची रांग खोडावरून वर. मुंग्यांना माव्याचा गोड चिकटा हवा असतो, म्हणून त्या माव्याची राखण करतात आणि त्याला खायला येणाऱ्या किड्यांना हुसकतात. तेव्हा आधी मुंग्यांचा रस्ता तोडला. भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटल्या, वेलाची काठी दुसऱ्या कुंडीपासून सोडवली, खोडाला आणि काठीला चिकटपट्टी गुंडाळून पट्टीवर ग्रीस लावलं. ग्रीस थेट सालीला लावू नका. कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवायची युक्तीही चालते, पण डासांच्या भीतीने मी ती टाळते.

२४ फेब्रुवारी. चवळीच्या पानामागे पिवळ्या, उभ्या, एकमेकींना खेटलेल्या अंड्यांचा पुंजका! ढालकिड्याची, म्हणजे मावा खाणाऱ्या छोट्या गोल भुंग्याची अंडी. शेजारच्या पानावर नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला भुंगा बसलेलाही दिसला. आणि ढालकिड्यांची पिल्लं भुंग्यासारखी दिसतच नाहीत, चिमुकल्या काळ्या मगरींसारखी दिसतात. ती न ओळखल्यामुळे किती जण चिरडत असतील!

१ मार्च. कोथिंबीर उन्हाने फुलावर गेली. एरवी मी उपटून टाकते, यंदा मुद्दाम ठेवली. त्या बारीक पांढऱ्या फुलांवर सिरफिड माश्या घिरट्या घालतात. रंगाने मधमाशीसारख्या, पण पंख दोनच. पूर्ण वाढलेली माशी परागावर आणि मधावर जगते, तिची बिनपायाची अळी मावा खाते. चवळीवर काही मावे फुगून तपकिरी, कागदी झालेत. त्यांच्या आत परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं. असे मावे दिसले की ते शेंडे काढू नका, पाण्यानेही धुऊ नका.

२ मार्च. आता जास्वंद. झिरमिळ्यावाले ते किडे पुन्हा आले. काडीने एकाला ढोसलं, तर तो झपाझप चालत सुटला. पिठ्या ढेकूण ढोसल्यावर जागचा फारसा हलत नाही. संशय आला. एक किडा ढेकणाने भरलेल्या डहाळीसकट काचेच्या बाटलीत ठेवला आणि तोंडाला मलमल बांधली. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "अगं, ही कीड आता घरात पाळतेस?" म्हटलं, काकू, पंधरा दिवस थांबा.

८ मार्च. मिरचीला चुरडा-मुरडा, म्हणजे पानं वळून आकसलेली. पानं वरच्या बाजूला वळली असतील तर बहुधा फुलकिडे, खाली वळली असतील तर कोळी, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी, रस शोषणारी कीड. माझी वर वळलेली होती. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला, बारीक पिवळट फुलकिडे पडले. इथे मात्र थांबले नाही. ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, गाळून, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारली. फक्त मिरचीवर.

१५ मार्च. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत भुंगा! जेमतेम ४ मिलिमीटरचा, पाठ काळपट, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. पिठ्या ढेकूण खाणारा क्रिप्टोलेमस; झिरमिळ्यावाले किडे म्हणजे याचीच पिल्लं. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ साली मुद्दाम आणलेला. डहाळीवर ढेकणांची नुसती पांढरी पूड उरली होती. काकूंना बोलावून दाखवला आणि त्यांच्या देखतच जास्वंदीवर सोडला.

पपईवाल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. पपईवरचा पिठ्या ढेकूण आपल्या देशात २००८ मध्ये कोइम्बतूरला पहिल्यांदा आढळला. २०१० मध्ये पोर्टो रिकोहून त्याच्यावरच्या परजीवी गांधीलमाश्या आणून सोडल्या आणि पिकं वाचली. फवाऱ्याचं औषध पिठ्या ढेकणाच्या अंगावरच्या मेणाच्या थरातून नीट आत पोचत नाही, पण सुईच्या टोकाएवढी माशी पोचते.

३० मार्च, पाडवा. चवळीवर मावा नावालाच, शेंगांचा पहिला तोडा भाजीपुरता झाला. जास्वंदीचे दोन शेंडे अजून वेडेवाकडे आहेत, तरी नवी पालवी स्वच्छ. मिरचीला आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारावं लागलं, पण जुनी वळलेली पानं काही सरळ झाली नाहीत. आज वांग्याच्या पानामागे बारीक जाळं आणि फिकट ठिपके दिसले. लाल कोळी. उद्यापासून रोज सकाळी पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालून.