वाडा भिंतींवर उभा नसतो

पुण्याच्या जुन्या पेठांत ‘पेशवेकालीन’ म्हणून दाखवले जाणारे बरेच वाडे प्रत्यक्षात १८१८ नंतरचे आहेत. राज्य गेलं, तरी वाडा बांधायची रीत लगेच बदलली नाही. तेच घडीव काळ्या दगडाचं जोतं, तोच चौक, चौकाभोवती ओसरी, आत माजघर, देवघर, कोठीची खोली. बदललं ते रस्त्याकडचं तोंड. आधीच्या वाड्याची बाहेरची भिंत जवळजवळ कोरी असायची. भक्कम दार, दारात दिंडी म्हणजे ये-जा करायचं छोटं दार, मागे भिंतीत सरकणारा अडसर. पुढे रस्त्याच्या बाजूला मोठ्या खिडक्या आणि गॅलऱ्या आल्या. १८५८ साली रेल्वे पुण्याला पोचली, तसा लांबचा माल आणणं सोपं झालं आणि बिडाचे म्हणजे ओतीव लोखंडाचे नक्षीदार कठडे, रंगीत काचांची तावदानं घरोघरी दिसू लागली.

कौलांवरून मात्र वय ठरवू नये. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये काढला, म्हणून अशी कौलं असलेला वाडा त्यानंतरचाच, असं अनेकजण बेधडक सांगतात. पण कौलं बदलणं हे छपराचं सगळ्यात सोपं काम; नळीची कौलं काढून मंगलोरी घातलेले जुने वाडे कितीतरी आहेत. लाकडावरूनही फसायला होतं. आग हा या घरांचा मोठा शत्रू. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, बुधवारवाडा १८७९ मध्ये. जळक्या किंवा उतरवलेल्या वाड्यातलं चांगलं सागवान कोणी टाकून देत नसे. तुळईच्या अंगावर आज कशातच न बसणाऱ्या रिकाम्या खाचा दिसल्या, तर ते लाकूड आधी दुसरीकडे कामाला होतं असं समजावं. सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आणि त्यांवर तुळईला आधार देणारे, केळफुलाची नक्षी कोरलेले हस्त असलेला सोपा, म्हणजे ओसरी, म्हणूनच घरापेक्षा वयाने मोठा असू शकतो.

या घराचं खरं माप खण. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फूट. जुन्या कागदपत्रांत खोलीही खणांनीच मोजलेली असते. दगडी तळखड्यावर खांब, त्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या म्हणजे लहान आडव्या तुळया, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या आणि वर मातीचा थर: मजल्याचं वजन या वाटेने खाली उतरतं. भिंती दोन-तीन फूट जाड असल्या, तरी बऱ्याच ठिकाणी खांब त्यांच्या पोटातच असतात आणि भिंत म्हणजे त्यांच्यामधली पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची (उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची) किंवा चपट्या भाजक्या विटांची भर. पाया मात्र दगडाचा आणि चुन्याचा. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतले वाडे भराभर बसले, कारण भेंडे पाण्यात विरघळतात आणि भिंतींचा आधार सुटला की सांगाडाही तिरपा होतो.

आज पुराची गरज राहिलेली नाही, सिमेंट तेच काम सावकाश करतं. मातीच्या भिंतीत जमिनीतली ओल वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून उडून जाते. खालच्या तीन-चार फुटांना सिमेंट फासलं की ओलीची वाट बंद होते. ती आणखी वर चढते आणि भिंतीतल्या खांबाला भिजत ठेवते. बाहेरून भिंत कोरडी, गुळगुळीत दिसते; आत खांबाचं बूड कुजतं, वाळवी लागते. पोपडे आले की लोक पुन्हा सिमेंटच लावतात. मला ही सगळ्यात वाईट दुरुस्ती वाटते. दुसरा घात म्हणजे माती काढून मजल्यावर स्लॅब टाकणं. चार इंची काँक्रीट दर चौरस फुटाला सुमारे २३ किलो भरतं. पाच फुटांच्या चौरस खणावर साडेपाचशे किलोंहून जास्त, आणि ते खालच्या बूड कुजलेल्या खांबांवर.

तपासायचं ते आधी बुडाशी. तळखड्यालगत खांबात स्क्रूड्रायव्हर टोचून बघावा. पाव इंचाच्या आत अडला तर लाकूड घट्ट. सहज शिरला किंवा आवाज पोकळ आला, तर तिथे पोखरलेलं आहे. तसंच तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक बघावं, विशेषतः छपराच्या पन्हाळीखाली. ते टोक बाहेरून दिसत नाही, म्हणून भिंतीचा थोडा भाग उकरावाच लागतो.

बूड कुजलं म्हणून अख्खा खांब बदलायचं कारण नाही. दोन्ही बाजूंना टेकू लावून तुळईचा भार त्यांच्यावर घ्यावा. जॅक अगदी थोडा वर न्यावा, नाहीतर वरच्या मजल्याला तडे जातात. निरोगी लाकूड लागेपर्यंत खांब कापून जुन्या सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडावा. सांध्याची लांबी खांबाच्या रुंदीच्या अडीच-तीन पट हवी. मग सिमेंट खरवडून भिंत नीट वाळू द्यावी. चुना किमान तीन-चार आठवडे पाण्यात भिजलेला असावा. एक भाग चुन्याला अडीच-तीन भाग स्वच्छ वाळू, अर्ध्या इंचाहून जाड थर एका वेळी नको, आणि गिलावा आठ-दहा दिवस दमट ठेवावा. उन्हात भराभर वाळला तर केसासारख्या चिरा पडतात. आणि भिंत वाळायला पावसाळ्याच्या आधीचे दोन महिने पुरत नाहीत, म्हणून हे काम दिवाळीनंतर हाती घ्यावं.