आधी संध्याकाळ ठरते, मग काम

वेळेच्या नियोजनाचा विषय निघाला की आपल्याकडे बहुतेक सल्ले एकट्या माणसाला उद्देशून दिले जातात. लवकर उठा, कामांची यादी करा, फोन दूर ठेवा, असे ते सल्ले असतात आणि ते मुळीच चुकीचे नाहीत. मात्र जर्मनीत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करताना माझे असे ठाम मत झाले आहे की, कामाचा ताण कमी होण्यात वैयक्तिक शिस्तीपेक्षा सर्वांनी मिळून मान्य केलेल्या मर्यादेचा वाटा कितीतरी मोठा असतो. येथे दिवस कधी संपणार हे आधी ठरलेले असते आणि त्या दिवसात मावेल एवढेच काम हाती घेतले जाते.

ही मर्यादा कायद्यानेच आखून दिली आहे. १ जुलै १९९४ पासून लागू असलेल्या कामाच्या वेळेच्या कायद्यानुसार रोजचे काम आठ तासांचे असते. ते दहा तासांपर्यंत वाढवता येते, पण सहा महिन्यांच्या किंवा चोवीस आठवड्यांच्या काळात सरासरी पुन्हा आठ तासांवर आली पाहिजे. सहा तासांहून अधिक वेळ विश्रांतीशिवाय सलग काम करता येत नाही. काम सहा ते नऊ तासांचे असेल तर मध्ये किमान ३० मिनिटांची आणि त्याहून अधिक असेल तर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. ताणाच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाची वाटते ती दोन दिवसांच्या कामांमधील ११ तासांच्या अखंड विश्रांतीची अट. अमेरिकेतील सहकाऱ्यांबरोबरची मीटिंग रात्री साडेदहाला संपली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊपूर्वी काम सुरू करायचे नसते. त्यामुळे रात्रीची मीटिंग ठरवणाऱ्याला पुढच्या सकाळचाही विचार करावा लागतो आणि जिची खरोखर गरज नाही अशी मीटिंग ठरवण्यापूर्वीच रद्द होते.

हे सारे कोणी आपणहून देऊ केलेले नाही, हेही येथे नोंदवायला हवे. आठ तासांचा दिवस येथे नोव्हेंबर १९१८ मध्ये, पहिले महायुद्ध संपत असताना झालेल्या क्रांतीच्या दिवसांत आला. पुढे १९५६ च्या कामगार दिनी कामगार संघटनांनी पाच दिवसांच्या आठवड्यासाठी मोहीम सुरू केली, तेव्हा तिच्या भित्तिपत्रकावर एक लहान मूल होते आणि ‘शनिवारी बाबा माझे असतात’ अशी घोषणा होती. वेळेच्या मागणीला इतके घरगुती आणि तरीही इतके ठाम रूप देणारी दुसरी घोषणा मला तरी माहीत नाही.

मर्यादा पक्की असली की नियोजनाला खरी धार येते. आमच्या गटात आठवड्याचे काम ठरवताना प्रत्येक कामाला किती तास लागतील याचा अंदाज आधी मांडला जातो आणि उपलब्ध तासांपैकी काही भाग मुद्दाम मोकळा ठेवला जातो, कारण अचानक उद्भवणारी कामे दर आठवड्याला येतातच आणि त्यांना आश्चर्य मानण्यात अर्थ नसतो. नवे तातडीचे काम आले तर वरिष्ठांना विचारायचा प्रश्न ठरलेला आहे: हे आता घ्यायचे असेल, तर हातातले कोणते काम मागे ठेवायचे? हा प्रश्न येथे उद्धटपणाचा समजला जात नाही. उलट तो विचारला नाही आणि शेवटच्या दिवशी काम अपुरे राहिल्याचे उघड झाले, तर त्याबद्दल नाराजी व्यक्त होते. आपल्या कार्यालयांत ‘हो, करतो’ असे म्हणणे हे निष्ठेचे लक्षण मानले जाते आणि त्या होकाराचा भार पुढे रात्री घरी वाहावा लागतो. माझ्या मते ताणाचे सर्वांत मोठे मूळ या न मोजता दिलेल्या होकारात आहे. ज्या कामाला वेळच दिलेला नाही, ते मनात सतत घोळत राहते, जेवताना आणि झोपतानाही.

मीटिंगच्या बाबतीतही हाच काटेकोरपणा दिसतो. विषय आणि समाप्तीची वेळ न लिहिता आलेले निमंत्रण नाकारले तर कोणी मनाला लावून घेत नाही. एका सहकाऱ्याच्या कॅलेंडरमध्ये दुपारी चारनंतरची वेळ रोज राखून ठेवलेली असते आणि ‘मुलीला पाळणाघरातून आणणे’ असे तेथे सरळ लिहिलेले असते. त्या वेळेवर कोणी मीटिंग टाकत नाही. अशी कारणे उघडपणे लिहिता येणे ही मला फार मोठी सोय वाटते, कारण लपवाछपवीतही पुष्कळ शक्ती खर्च होते.

कामाच्या वेळा सर्वांसाठी एकच असतात असे मात्र नाही. ठरावीक तासांत सर्वांनी हजर राहायचे आणि उरलेले तास सोयीने आधी किंवा नंतर भरायचे, ही लवचीक पद्धत जर्मनीत १९६७ साली म्युनिकजवळच्या ओटोब्रुन येथील विमान उद्योगातील एका कंपनीत सुरू झाली आणि नंतर देशभर पसरली. आज अनेक कार्यालयांत तासांचे खाते असते. जास्त केलेले तास त्यात जमा होतात आणि पुढे सुटीच्या रूपाने परत घेता येतात. मी विचार लागणारी कामे सकाळी, मेल येऊ लागण्यापूर्वी करतो आणि पत्रव्यवहार दुपारनंतर ठेवतो. लवचीक वेळेमुळेच हे शक्य होते.

तासांची नोंद हा विषय येथे गांभीर्याने घेतला जातो. युरोपीय न्यायालयाने मे २०१९ मध्ये आणि जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये असे स्पष्ट केले की, कामाच्या वेळेची नोंद ठेवण्याची व्यवस्था करणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ही नोंद पाळत ठेवण्यासाठी असते अशी शंका वाचकांना येईल, पण कर्मचाऱ्याच्या दृष्टीने तिचा उपयोग उलट दिशेनेही होतो. एखाद्या गटाचे तास सतत दहाच्या जवळ जाऊ लागले की, माणसे अपुरी आहेत हे आकड्यांतून दिसते आणि एकट्याच्या अकार्यक्षमतेकडे बोट दाखवता येत नाही. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेच्या कायद्यातही २०१३ पासून मानसिक ताणाचा स्पष्ट उल्लेख आहे. यंत्रामुळे होणारी इजा जशी आधी तपासायची, तसा कामाच्या रचनेतून येणारा ताणही मालकाने तपासायचा असतो.

चित्र सगळीकडे सारखे नाही. वरिष्ठ पदावरील व्यवस्थापकांना कामाच्या वेळेचा कायदा लागू होत नाही आणि रुग्णालयांतील डॉक्टर व परिचारिकांसाठी पाळ्यांचे वेगळे अपवाद आहेत. त्यांच्या थकव्यापुढे आमच्या कार्यालयीन शिस्तीचे कौतुक फार करू नये, असे मला मनापासून वाटते.

आमच्यापुरता एक प्रश्न भारतातील सहकाऱ्यांच्या वेळेचा होता, कारण आमची सोयीची दुपार म्हणजे त्यांची रात्र होण्याची शक्यता असते. हिवाळ्यात दोन्ही देशांत साडेचार तासांचे अंतर असते आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचे. जर्मनीत दुपारी चारला ठेवलेली मीटिंग हिवाळ्यात तिकडे रात्री साडेआठला सुरू होते. आता सामाईक मीटिंग जर्मन वेळेनुसार सकाळी नऊ ते दुपारी एक यांदरम्यानच ठेवायची असे ठरले आहे, म्हणजे हिवाळ्यातही ती भारतात संध्याकाळी साडेपाचपर्यंत संपते. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी येथील घड्याळे बदलतात, भारतातील बदलत नाहीत. म्हणून त्या दोन आठवड्यांत आम्ही तिकडच्या सहकाऱ्यांना नवी वेळ आधी विचारतो आणि मगच निमंत्रण पाठवतो.