हर्स्टचा शार्क का सडला?

ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्टचं नाव निघालं की चर्चा ‘याला कला म्हणायचं का?’ इथेच अडकते. रसायनाच्या टाकीत ठेवून त्याने कलाकृती म्हणून मांडलेला शार्क सडला कसा, याकडे फारसं कोणी वळत नाही. माझ्या मते हर्स्ट समजून घ्यायला हाच प्रश्न जास्त कामाचा आहे.

१९९१ साली या कलाकृतीसाठी कलासंग्राहक आणि गॅलरीचे मालक चार्ल्स साची यांनी पैसा दिला. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्याजवळ पकडलेला सुमारे १४ फुटांचा टायगर शार्क इंग्लंडला आणून काच आणि पोलादाच्या टाकीत, ५ टक्के फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणात ठेवला गेला. काही काळातच द्रावण गढूळ झालं, कातडी सुरकुतली, आकार बिघडला.

कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या बरण्या आठवा. मासा मोठा असेल तर तो नुसता बुडवून चालत नाही. पोटाला चीर देतात किंवा सुईने आत फॉर्मालिन, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण, सोडतात. फॉर्मल्डिहाइड प्रथिनांना एकमेकांशी जखडतं, म्हणून सडणं थांबतं. पण ते मांसात फार सावकाश मुरतं. एवढ्या जाड धडाच्या गाभ्यापर्यंत ते पोहोचेतो आतले जिवाणू आणि पाचकरस आपलं काम उरकतात. पहिल्या शार्कच्या आत पुरेसं रसायन गेलंच नव्हतं. त्यात साची यांच्या गॅलरीने टाकीत ब्लीच घातल्याने नासाडी वाढली, असं हर्स्टच्या बाजूने सांगितलं गेलं.

(टक्केवारीतही गफलत होते. बाजारात मिळणाऱ्या फॉर्मालिनमध्ये फॉर्मल्डिहाइड ३७ ते ४० टक्केच असतं. म्हणजे ‘१० टक्के फॉर्मालिन’ हे प्रत्यक्षात जेमतेम ४ टक्के फॉर्मल्डिहाइड.)

१९९३ मध्ये गॅलरीने शार्क सोलला आणि कातडी फायबरग्लासच्या साच्यावर ताणून बसवली. आकार टिकला, पण तो पेंढा भरल्यासारखा दिसू लागला. अंगावर येणारा जिवंत धाक गेला. २००४ मध्ये कलाकृती अमेरिकी गुंतवणूकदार स्टीव्ह कोहेन यांनी घेतली. २००६ मध्ये क्वीन्सलँडहूनच दुसरा शार्क आला. या वेळी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले मत्स्यतज्ज्ञ ऑलिव्हर क्रिमेन मदतीला होते. आधी शरीरभर सुया टोचून रसायन आत सोडलं, मग ७ टक्के फॉर्मालिनमध्ये दोन आठवडे मुरवलं, आणि त्यानंतरच टाकीत ठेवलं.

शार्कच बदलणं मला मान्य आहे, कारण ते उघडपणे झालं. २०२४ मध्ये समोर आलेलं प्रकरण वेगळं आहे. १९९० च्या दशकातलं साल दिलेल्या फॉर्मल्डिहाइडमधल्या तीन कलाकृती प्रत्यक्षात २०१७ मध्ये बनवल्या होत्या. हर्स्टच्या कंपनीचं म्हणणं, साल कल्पना सुचल्याचं असतं. हे पटत नाही. संग्रहालयातल्या साध्या बेडकाच्या बरणीवरसुद्धा तो कधी, कुठे पकडला हे लिहिलेलं असतं. टाकीवरही दोन्ही सालं हवीत, कल्पनेचं आणि प्राण्याचं. शार्कच्या बाबतीत १९९१ आणि २००६.