नमुने वेळेत पोहोचवण्याचं गणित : संयुक्त संशोधनातला माझा अनुभव

एकाच प्रदेशातली काही विद्यापीठं आणि तिथली एक आरोग्यसेवा यांच्या संयुक्त प्रकल्पात मी संशोधक म्हणून काम केलं. दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून मध्यवर्ती प्रयोगशाळेत आणणाऱ्या गाड्यांचे मार्ग आम्हाला ठरवायचे होते. नळीतल्या रक्तपेशी ग्लुकोज वापरत राहतात, त्यामुळे उशीर झाला तर साखरेचा आकडा खरा राहत नाही. म्हणून इथे घड्याळाला फार महत्त्व.

या प्रकारचा प्रश्न जॉर्ज डॅन्टझिग आणि जॉन रॅमसर यांनी १९५९ साली इंधनाच्या ट्रकसाठी मांडला होता. एकाच गाडीने १४ दवाखाने करून परत यायचं म्हटलं, तरी वेगवेगळे मार्ग ४,३५८ कोटींहून जास्त होतात. सगळे तपासत बसणं शक्यच नाही.

करारमदारात वेळ गेला, पण ते काम नीट झालं. रुग्णांची नावं आमच्यापर्यंत आलीच नाहीत, फक्त ठिकाणं आणि वेळा आल्या.

खरी चर्चा रंगली ती ‘उत्तम मार्ग’ कशाला म्हणायचं यावर. एकूण अंतर कमीत कमी ठेवलं की एका चालकावर सगळा भार येई आणि दुसरा लवकर मोकळा होई. गाड्यांचं नियोजन पाहणाऱ्या ताईंनी हे आराखड्यावर नजर टाकताच दाखवून दिलं. मग सर्वांत लांब फेरीचा वेळही आम्ही उद्दिष्टात घेतला. अशी माणसं पहिल्या बैठकीपासून सोबत हवीत, असं माझं ठाम मत आहे.

प्रत्येक थांब्यावर किती वेळ लागेल, याचा अंदाज जुन्या नोंदींवरून शिकलेलं मशीन लर्निंगचं मॉडेल देत होतं. सरासरीच्या हिशेबाने तो अंदाज चांगला होता. पण मार्ग ठरवणारा प्रोग्राम मोकळा वेळ शिल्लक ठेवतच नाही. एक थांबा लांबला की पुढचे सगळे घसरतात. म्हणून सरासरीऐवजी दहापैकी नऊ वेळा पुरेल एवढा वेळ धरून पाहिला. प्रत्येक थांब्याला तसा धरला तर गाड्या उगाच जास्त लागत. शेवटी जुन्या दिवसांच्या नोंदींवर पूर्ण फेऱ्या चालवून पाहिल्या आणि मधला आकडा निवडला. सगळ्या प्रकल्पात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच काम. अंदाज आणि निर्णय वेगवेगळे तपासले असते, तर हा दोष कुणालाच दिसला नसता.

सॉल्व्हर, म्हणजे मार्ग ठरवणारा प्रोग्राम, दोन आकडे देतो : सापडलेल्या मार्गांचा खर्च, आणि ज्याच्या खाली खर्च जाऊच शकत नाही अशी मर्यादा. दोन्ही जवळ आले की थांबायचं. ‘याहून फार चांगलं निघणार नाही’ हे असं दाखवता आल्यावर व्यवस्थापनाचे प्रश्न बरेच कमी झाले.

चालकांची अडचण निराळी होती. मागणीत थोडा फरक पडला तरी मार्ग पूर्ण बदलायचा. दवाखान्यातली ओळखीची माणसं, मागचं दार, गाडी लावायची जागा हे सगळं त्यांना नव्याने शोधावं लागे. म्हणून नेहमीच्या मार्गापासून दूर जाण्याला आम्ही प्रोग्रामच्या हिशेबात दंड, म्हणजे जादा खर्च, लावला. अंतर किंचित वाढलं, ते सर्वांनी मान्य केलं.

आता दुसरी आरोग्यसेवा हाच प्रोग्राम घेते आहे. मार्गांचा भाग तिला जवळपास तसाच वापरता येईल. थांब्यांच्या वेळेचं मॉडेल मात्र तिच्या स्वतःच्या नोंदींवर पुन्हा शिकवावं लागणार आहे.