भावाचा आजार आणि आमच्या घरात टाळला गेलेला प्रश्न

माझ्या धाकट्या भावाला विशीतच सायकोसिस, म्हणजे भास आणि खोट्या ठाम समजुतींमुळे वास्तवाचे भान सुटण्याचा आजार, झाला, तेव्हा नागपुरातल्या नंदनवनमधल्या आमच्या घरात सर्वांत जास्त टाळला गेलेला प्रश्न हाच होता की त्याच्या हातून कोणाला इजा तर होणार नाही ना. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात आणि आई जेवणात काहीतरी मिसळते, अशी त्याची ठाम समजूत झाली होती. एकदा त्याने भरले ताट भिंतीवर फेकले, पुढे आईचा हात पिरगळला. नातेवाइकांपैकी कोणी ताजबागच्या दर्ग्यात नेण्याचा सल्ला देत होते, कोणी लग्न लावून द्या म्हणत होते, आणि आई झालेले सारे पोटात घालत होती.

भाऊ यायला तयार नसल्याने मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, मानसोपचार विभागात आधी बाबा आणि मीच गेलो. डॉक्टरांनी विचारले, त्याने कोणाचे नाव घेऊन धमकी दिली आहे का, कानात येणारे आवाज त्याला काही करण्याचा हुकूम देतात का, गांजा किंवा दारू घेतो का, झोप किती होते, आणि तो स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याविषयी बोलला आहे का. हे प्रश्न आम्हाला आरोपासारखे वाटले नाहीत. उलट, आईच्या हाताबद्दल घराबाहेर पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलता आले.

पुढे मी या विषयावर वाचले. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०११ सालच्या एका विश्लेषणानुसार, पहिल्यांदा सायकोसिस झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांकडून उपचार सुरू होण्यापूर्वी काही ना काही हिंसक कृत्य घडलेले असते, परंतु दुसऱ्याला कायमची इजा करणाऱ्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते. उपचाराविना गेलेला काळ जितका लांबतो, तितका गंभीर हिंसेचा धोका वाढतो, आणि तिची झळ बहुधा घरच्यांनाच बसते. म्हणून ‘अजून थोडे थांबून पाहू’ हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो.

भावाची संमती मिळेना, तेव्हा रुग्णाच्या संमतीशिवाय त्याला रुग्णालयात दाखल करण्याविषयीचे, २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ८९ उपयोगी पडले. रुग्णाने कोणालाही नेमलेले नसल्यास जवळचा नातेवाईक त्याचा प्रतिनिधी ठरतो, त्यामुळे अर्ज बाबांनी केला. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरे एक डॉक्टर, अशा दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासले. अशा प्रकारे जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येते, रुग्णाला या निर्णयाविरुद्ध दाद मागता येते, आणि साखळीने बांधणे कायद्याने पूर्णपणे निषिद्ध आहे. हे कळल्यावरच आईने होकार दिला.

औषधांनी त्याची भीती हळूहळू ओसरली. तो घरी आल्यावरही आई सर्वांना एकाच पातेल्यातून, त्याच्यासमोर वाढत असे. संशय खोटा ठरवण्यासाठी वाद घालायचा नाही, तो चिडला की आवाज खाली ठेवायचा, त्याला कोपऱ्यात गाठायचे नाही आणि आपल्यासाठीही दाराची वाट मोकळी ठेवायची, हे विभागातल्या सिस्टरांनी आम्हाला शिकवले होते. झोप उडणे आणि जेवणावर पुन्हा संशय येणे, या दोन खुणा दिसल्या की पुढच्या तारखेची वाट न पाहता आम्ही त्याला दाखवून आणतो. रात्री-अपरात्री सल्ल्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि प्रत्यक्ष धोका असल्यास ११२, हे दोन्ही क्रमांक आम्ही तिघांनीही फोनमध्ये ठेवले आहेत, आणि ते का ठेवले आहेत हे भावालाही सांगितले आहे.